आधी दोष कुठे ते बघा, मग फॉरमॅट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारच्या अंकात दापोलीकडच्या एका भगिनींचे पत्र वाचले. घरच्या कॉम्प्युटरला इंटरनेट मिळेना म्हणून तो दुकानात नेला, दुकानदाराने फॉरमॅट मारून दिला, घरी आणून लावला तर इंटरनेट बंद ते बंदच. वर नातवाच्या बारशाचे फोटो गेले. कॉम्प्युटरमध्ये जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर त्यांनी तिच्यावर आता नवे काही भरू नये आणि डेटा परत काढून देणाऱ्या जाणकाराला ती दाखवावी. थोडेफार फोटो मिळूही शकतील. बाकी त्यांनी पत्रात नशिबाला बोल लावला आहे, तो दुकानदाराला लावायला हवा.

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, चिपळूण-गुहागर पट्ट्यात. १९८ वर तक्रार आली म्हणून आम्ही कधी ग्राहकाच्या घरात शिरून त्याचा फोन खोलत बसलो नाही. आधी खांबावरच्या डीपीला, म्हणजे जिथून घरोघर वायरी फुटतात त्या डब्याला, आमचा टेस्टिंगचा फोन लावायचा. डायल टोन आला तर एक्स्चेंजपासून इथवर लाइन चोख, दोष पुढे घराकडे. नाही आला तर मागे, एक्स्चेंजकडच्या रस्त्यावरच्या पेटाऱ्यावर, पिलरवर चला. आता तांब्याच्या जागी काचेचा धागा, म्हणजे फायबर, आला, पण दोष शोधायची रीत तीच आहे. ती वापरायला पाच मिनिटेही लागत नाहीत, फक्त कुणी वापरत नाही.

घरात डीपीचे काम मोबाइल करतो. त्याच वाय-फायवर मोबाइलला नेट मिळते का बघा, पण त्याआधी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करा. हे शंभरदा सांगूनही लोक करत नाहीत. वाय-फायवर काही येत नाही असे दिसले की बरेच फोन गुपचूप डेटावर उडी मारतात, आणि घरमालक छातीठोकपणे सांगतो, वाय-फाय ठणठणीत आहे, कॉम्प्युटरच बिघडलाय.

मोबाइलही बंद असेल आणि फायबरच्या पेटीवर (राउटरवर) एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर कॉम्प्युटरला हातसुद्धा लावू नका. बाहेरून प्रकाशच येत नाही असा त्याचा अर्थ. आमच्याकडे माडाची झावळ वायरीवर पडते, नाहीतर झाडलोट करताना कपाटामागे ती वायर कुणीतरी काटकोनात दुमडून ठेवतो. फायबर फार वाकवला की त्यातला प्रकाश बाहेर गळतो.

मोबाइल चालतो आणि कॉम्प्युटर नाही, तर मात्र पेटीच्या अलीकडे या. लॅन केबल जिथे कॉम्प्युटरमध्ये खोचतो तिथे बहुधा बारीक दिवा असतो. दोन्ही टोके घट्ट असून तो विझलेला असेल तर दुसरी केबल लावून बघा. तरीही पेटला नाही तर पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या खाचेवर, संशय घ्या. वळवाच्या विजांनंतर कोकणात हे हमखास दिसते. काच वीज वाहून नेत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पेटीचा अ‍ॅडॉप्टर घरच्याच लाइटवर असतो आणि पेटीपासून कॉम्प्युटरपर्यंतची केबल तांब्याची असते. बाकी सगळे चालू, पोर्ट तेवढा मेला, अशा वेळी लॅन केबल यूएसबीत जोडणारा काही शे रुपयांचा डोंगल लावला की काम भागते.

कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहून बघता आले तर उत्तमच. तिथे दिसणारा कॉम्प्युटरचा नेटवरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पेटीने तो दिलेला नाही, कॉम्प्युटरने आपला आपणच घेतला आहे. त्याच खिडकीतून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग केल्यावर, म्हणजे हाक मारल्यावर, उत्तर येते आणि साइट मात्र उघडत नाही, तर लाइन ठीक आहे, घोळ डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचा) किंवा त्याच्याही पुढचा.

त्या ‘पुढच्या’त काय काय निघते ते सांगतो. शेजारच्या मुलीला सीईटीचा अर्ज भरायचा होता. वाय-फाय जोडलेले, पिंगला उत्तर येतेय आणि ब्राउझर प्रत्येक साइटला म्हणतोय, कनेक्शन सुरक्षित नाही. दुकानदाराने फोनवरच निदान करून टाकले होते, विंडोज उडालंय, आणून टाका. मी म्हटले, बाय, आधी खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघ. तिथे १ जानेवारी २०१२! मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपला होता. मेन स्विच बंद झाला की घड्याळ मागे पळायचे. साइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. कॉम्प्युटर २०१२ सालात बसलेला, त्याला आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेले दिसणार. तारीख दुरुस्त केली, साइट उघडली, अर्ज गेला. सेल नंतर घड्याळाच्या दुकानातून आणला. दहा वेळा फॉरमॅट मारला असता तरी तो सेल काही भरला नसता.

फॉरमॅट कधीच लागत नाही असे नाही. व्हायरसने पार पोखरले असेल तर लागतो. पण नेटवर्कच्या सेटिंगचा विचका झाला असेल तर विंडोज १० आणि ११ मध्ये ‘नेटवर्क रीसेट’ आहेच. ते फोटोंना हात लावत नाही, वाय-फायचा पासवर्ड तेवढा पुन्हा घालावा लागतो. दुकानदारांना हे ठाऊक नसते असे मला वाटत नाही. फॉरमॅटचे पैसे सांगता येतात, तारीख बदलण्याचे कसे सांगणार?

नेट पुरवणाऱ्या कंपन्यांचेही काही वेगळे नाही. लाल दिवा लागलाय असे सांगितले तरी पलीकडून उत्तर, सर, राउटर बंद करून चालू करा. पेटी अडकली असेल तर त्याने सुटते, मान्य. पण तुटलेला फायबर त्याने सांधत नाही. आणि माणूस फिरकण्याआधीच ‘तक्रार निवारण झाले’ असा मेसेज येऊन पडतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीला डॉकेट क्रमांक मिळतो आणि समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. वाचकांनी हा क्रमांक जपून ठेवावा, दिव्यांचा फोटो काढून ठेवावा.

आमच्या वेळी फॉल्ट कार्डवर दोष काय निघाला हे लिहावे लागे. तेवढेच आज मागायचे आहे. कंपनीने निवारणाच्या मेसेजमध्ये दोष कुठे होता ते कळवावे. दुकानदाराने बिलावर नुसते ‘सर्व्हिस चार्ज’ न लिहिता काय सापडले ते लिहावे. लिहीत नसेल तर ग्राहकाने पैसे देण्याआधी लिहून घ्यावे.

– एक निवृत्त लाइनमन, चिपळूण