आपल्या हिरोंच्या टीममध्ये कोण बसतो, कोण नाही

शहापूर, बेळगाव

प्रिय दोस्ता,

आपल्या कॉमिक्सच्या हिरोंची टीम पिक्चरमध्ये कशी दिसेल म्हणून तू फॅन-ट्रेलर बनवालायस ना, त्यासाठीची तुझी हिरोंची लिस्ट बघितली गा. व्हॉट्सॲपवर उत्तर टाईप करायला बसलो तर ते संपेचना, म्हणून सरळ पत्रच लिहालोय, रविवारी निवांत वाच.

नागराज, ध्रुव, डोगा, परमाणु, तिरंगा, भोकाल, इन्स्पेक्टर स्टील, अँथनी, शक्ती, बहादूर, वेताळ, चाचा चौधरी आणि वर साबू, एवढे सगळे एकाच पोस्टरवर! तुमचा फॅन-ट्रेलर तीन मिनिटांचा आहे ना? मग एकेकाचा चेहरा तरी धड दिसणार का सांग. आपण लहानपणी भाड्यानं आणून, पानं सुटलेली कॉमिक्स वाचली, त्या सगळ्यांवर तुझा जीव आहे, मला कळतंय, माझाही आहे. पण आवडतो म्हणून घेतला असं नाही चालत. राज कॉमिक्सवाल्यांनी ‘ब्रह्मांड रक्षक’ म्हणून आपल्या हिरोंची टीम केली ती ठीकच, तिथं प्रत्येकाच्या मागं आधीच्या अंकांचा ढीग होता. पिक्चर बघायला येणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच माहीत नसतं.

मार्व्हलवाल्यांचं बघ. आज आपल्याला वाटतं की त्यांच्याकडं सगळं आयतं होतं, पण 1996 च्या डिसेंबरात ती कंपनी दिवाळखोरीत गेलेली. स्पायडर-मॅन सोनीकडं, एक्स-मेन आणि फँटास्टिक फोर फॉक्सकडं, म्हणजे घरातली नावाजलेली पोरं सगळी बाहेर. मग 2005 ला कॅप्टन अमेरिका, अँट-मॅन असल्या पात्रांचे हक्क तारण ठेवून त्यांनी 52 कोटी 50 लाख डॉलरची सोय केली आणि 2008 ला आयर्न मॅन आणला, ज्याला आपल्याकडं तेव्हा कोण ओळखत होतं? तरी जमलं. का जमलं यावर मी लई विचार केलाय. मला वाटतं त्यांनी हिरोची ताकद नाही बघितली, त्याच्यात काय कमी आहे ते बघितलं. आयर्न मॅनच्या, म्हणजे टोनीच्या छातीत लोखंडाचे तुकडे आणि डोक्यात मी-पणा, थॉरला बापानंच हातोडा काढून घेऊन हाकललेला, कॅप्टन इतकी वर्षं बर्फात राहिल्यामुळं त्याच्या ओळखीचं माणूसच उरलं नाही. प्रत्येकाच्या गोष्टीत एक जागा रिकामी आहे, म्हणून 2012 ला ‘ॲव्हेंजर्स’मध्ये सगळे एकत्र आले तेव्हा दुसऱ्याला आत शिरायला वाव मिळाला. आणि 1963 च्या मूळ कॉमिकमधल्या पहिल्या टीममध्ये अँट-मॅन आणि वास्प होते की, पण 2012 च्या पिक्चरमध्ये दोघंही नाहीत. संस्थापक मेंबर असून बाहेर ठेवले! अँट-मॅनचा पिक्चर आला तो 2015 ला. एवढं कडक मन करावं लागतं.

सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या डीसीनं नेमकं उलटं केलं. 2016 च्या पिक्चरमध्ये फ्लॅश, ॲक्वामॅन, सायबॉर्ग यांची ओळख काय, तर कॉम्प्युटरवरच्या फाईलीतले छोटे छोटे व्हिडिओ. मग 2017 ला थेट टीमचा पिक्चर आणि ॲक्वामॅनचा स्वतःचा त्यानंतर, 2018 ला. ज्याला आपण नीट भेटलोच नाही त्याच्यासाठी जीव कसा तुटेल? तुझ्या ट्रेलरमध्ये मला हीच भीती वाटते.

म्हणून माझ्या टीममध्ये सुरुवातीला चारच जण, आणि पहिला ध्रुव. यावर माझं मत बदलणार नाही. अंगात कसलीही शक्ती नाही, मोटारसायकल, स्केट्स, स्टारलाईन आणि डोकं, आणि प्राण्यापक्ष्यांशी बोलता येतं, बस. 1987 ला अनुपम सिन्हांनी आणला तेव्हापासून तो तसाच. ज्युपिटर सर्कशीत झुल्यावर काम करणाऱ्या आईबापाचं पोर, आणि धंद्यात जळणाऱ्या दुसऱ्या सर्कशीच्या लोकांनी ती सर्कसच पेटवली. आता ही गोष्ट पडद्यावर कुठली वाटली पाहिजे? आपल्या भागातली! अरे, या देशातली पहिली देशी सर्कस 1880 ला मुंबईत उभी केली ती सांगलीकडच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी, एका इटालियन सर्कशीचे खेळ बघून इरेला पेटून. देवल सर्कसवाले म्हैसाळचे, म्हणजे आपल्या कागवाडला लागूनच की. कृष्णेच्या या पट्ट्यातून झुल्यावरची माणसं देशभर गेली. तू त्या ट्रेलरमध्ये कुठली तरी परदेशी दिसणारी चकचकीत सर्कस दाखवलीस तर मला खरंच वाईट वाटेल. ध्रुवचं राजनगर हे गाव काल्पनिकच राहू दे, पण तंबू ठोकणारी माणसं मराठी-कानडी मिसळून बोलू देत, घोड्याला पाणी दाखवणारा म्हातारा मिरजेकडचा असू दे, रिंगमास्तर हिंदीत ओरडू दे. आपल्या मैदानावर दिवाळीनंतर तंबू लागायचा तेव्हा दुपारी मागच्या बाजूला जाऊन बघितलंस की असंच ऐकू यायचं.

आणि यातून अजून एक गोष्ट निघते बघ. 1998 ला सरकारनं अधिसूचना काढून वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबळ्या यांचे सर्कशीतले खेळ बंद केले. म्हणजे जनावरांमध्ये वाढलेला ध्रुव आजच्या काळात बसतच नाही, त्याचं लहानपण त्याच्या आधीचंच पाहिजे. मग मी म्हणतो, सगळी पहिली फेरीच नव्वदच्या दशकात का नको? हातोहाती मोबाईल नाही, घरोघरी इंटरनेट नाही, राजनगरात काय झालं ते मुंबईच्या डोगाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळीत कळणार, तेही कळलं तर. हे एकमेकांना इतके दिवस भेटले कसे नाहीत, हा प्रश्नच मिटतो. एसटीडी बूथ, दूरदर्शनच्या बातम्या, रेल्वे स्टेशनवरचा पुस्तकांचा स्टॉल, हे सगळं फुकटात मिळतं तुला.

दुसरा डोगा. कचऱ्यात सापडलेलं पोर, एका दरोडेखोरानं उचललं आणि कुत्र्यासारखं वाढवलं, पुढं अदरक चाचांनी तयार केलं. त्याचा कुणावरच विश्वास नाही आणि तो गुन्हेगाराला जिवंत सोडत नाही. ध्रुव मारत नाही. इथं तुला टीमचं भांडण आयतं मिळालं, बाहेरून राक्षस आणायची गरजच नाही. आणि तिसरा म्हणून यांच्या शेजारी तू बहादूरला उभा करून बघ. आबिद सुरतींचा बहादूर, 1976 ला इंद्रजाल कॉमिक्समध्ये आला, भगवा कुर्ता आणि जीन्स. त्याचा बाप दरोडेखोर, आणि ज्या पोलिसानं त्या बापाला मारलं त्यानंच पोराला सांभाळलं. ध्रुवलाही पुढं एका पोलीस अधिकाऱ्यानंच, राजन मेहरांनी, घरात घेतलं. तिघेही अनाथ, दोघांना पोलिसाचं घर मिळालं, एकाला दरोडेखोराचं. मला हे सुचलं त्या रात्री झोप नाही आली. नव्वदच्या दशकात बहादूर चाळिशीचा झालेला असणार, गावोगावच्या लोकांना स्वतःचं रक्षण करायला शिकवून थोडा थकलेला. पोरांना धरून ठेवणारा थोरला पाहिजेच, तो हाच. दरोडेखोराचं पोर कुठं जाऊ शकतं, हे डोगाच्या तोंडावर सांगायचा हक्क फक्त बहादूरला आहे. ध्रुव-डोगा राज कॉमिक्सचे आणि हा वेगळ्या प्रकाशकाचा, हक्कांची भानगड होईल, माहीत आहे मला, पण फॅन-ट्रेलरला कोण अडवतंय?

डोगा मात्र मराठी बोलला पाहिजे हां. मुंबईच्या जिममध्ये घाम गाळून वाढलेला पोरगा नुसती पुस्तकी हिंदी मारणार हे मी नाही ऐकून घेणार. आपण बेळगावची माणसं घरात मराठी, बाजारात कानडी, ऑफिसात इंग्लिश, पिक्चरला हिंदी असं रोज करतो, आपल्याला चार भाषांचा पिक्चर कळायला काय अडचण आहे? लोक म्हणतात गोंधळ होतो, काही होत नाही. मल्याळममधून 2021 ला ‘मिन्नल मुरली’ हा टेलर हिरोचा पिक्चर आला, तो आपण सबटायटल वाचत दोनदा बघितलाच की.

चौथी शक्ती. तुझ्या लिस्टमध्ये ती नवव्या नंबरला बघून मला राग आला, खरं सांगतो. चंदा नावाची साधी बाई, मुलगी होते म्हणून नवऱ्यानं पोटची लेकरं मारली, आणि त्यातून कालीची शक्ती तिच्यात आली. ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही गावात सांगून बघ, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही, आयाबाया गप्प बसून ऐकतील. मार्व्हलनं ब्लॅक विडोला 2010 ला आणलं आणि तिचा स्वतःचा पिक्चर दिला 2021 ला, तोही 2019 मध्ये तिला मारून टाकल्यावर. हे आपण करायचं नाही. शक्तीचा पिक्चर टीमच्या आधी, ध्रुवच्या लगेच मागोमाग. आणि तिच्या गोष्टीत लढाई कमी ठेव. मदत मागणाऱ्या बाईची हाक तिला ऐकू येते, तेवढ्यावर अख्खा पिक्चर उभा राहतो.

आता तू विचारणार, आणि नागराज? त्याच्याशिवाय कसली टीम? थांब, त्याच्यासाठीच तर सगळं राखून ठेवलंय. 1986 चा पहिला नागराज आठव, आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढलेला. तो हिरो म्हणून जन्मलाच नव्हता. प्रोफेसर नागमणीनं त्याला हत्यार म्हणून बनवलेलं, अतिरेक्यांना विकायला, डोक्यात कंट्रोल बसवून. बाबा गोरखनाथांनी ते काढलं तेव्हा तो मोकळा झाला. मग टीमच्या पहिल्या पिक्चरमध्ये नागराज समोरच्या बाजूला पाहिजे! अंगात लाखो साप, फुंकरीत विष, त्याच्यापुढं बिनशक्तीचा ध्रुव आणि थकलेला बहादूर. यांनी त्याला हरवायचं नाही, सोडवायचं. डोगा म्हणणार गोळी घालूया, ध्रुव म्हणणार नाही, आणि शक्तीला त्या हत्याराच्या आतून कुणीतरी हाक मारतंय असं वाटणार, जी एरवी तिला फक्त बायकांची ऐकू येते. इतका ताकदवान माणूस पहिल्यापासून टीममध्ये ठेवलास तर बाकीच्यांना काम काय? सुपरमॅनवाल्यांना तोच त्रास होतो. आणि गोरखनाथांचा भाग तर तू बत्तीस शिराळ्याला जाऊन शूट कर, तिथली नागपंचमीच गोरक्षनाथांनी सुरू केली असं सांगतात. हे कुणी लिहून दिलेलं नाही, आपोआप जुळलंय.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. परमाणु दिल्लीचा, म्हणून दुसऱ्या फेरीत, गोष्ट दिल्लीला पोचली की. तिरंगाही तेव्हाच. स्टील नको, ध्रुवच्याच गावचा आहे आणि तसला लोखंडी पोलीस लोकांनी इंग्लिशमध्ये बघितलाय. भोकाल जुन्या काळातला, त्याचं जग वेगळंच राहू दे. अँथनी मला फार आवडतो, कबरीतून उठणारा, खांद्यावर कावळा घेऊन फिरणारा, पण त्याची गोष्ट एकट्याचीच चांगली आहे, त्याला गर्दीत आणलंस की भीती गेली. चाचा चौधरी आणि साबू टीममध्ये अजिबात नाहीत. साबू चिडला की कुठंतरी ज्वालामुखी फुटतो, त्या हसण्याच्या जगात डोगाची बंदूक आली तर दोन्हीकडचं वाटोळं होईल.

वेताळ काढताना हात थरथरला. डेंकालीचं जंगल, कवटीची गुहा, गालावर उठणारी ती कवटीची खूण, इंद्रजालच्या मराठी अंकांवर आपल्या आधीची पिढी वाढली, माझ्या काकांनी ते बांधून ठेवलेत अजून. पण त्याच्याकडं सगळंच आहे. बापजाद्यांची गादी, घोडा, लांडगा, खजिना, मदतीला अख्खं जंगल. त्याला या चौघांची गरज नाही, आणि गरज नसलेला माणूस टीममध्ये पाहुण्यासारखाच वावरणार. शिवाय 1936 पासूनचा अमेरिकन कॉमिकमधला माणूस आहे तो, कितीही आपला वाटला तरी. नाहीच घ्यायचा.

एक सांगायचं राहिलं. तू शेवटी लिहिलंयस की बेळगावचा म्हणून आपला संगोळ्ळी रायण्णा पण हिरो करूया, केप वगैरे घालून. नको रे. 1831 ला नंदगडला फाशी गेलेला खरा माणूस आहे तो, आपण खानापूरला जाताना त्याच्या नावानं लोक हात जोडतात. खऱ्या माणसाच्या अंगावर खोटी शक्ती चढवायची नाही. आपल्या भागाचं काही पाहिजेच असेल तर सर्कस आहे की, ती नीट कर.

तर आता एवढं कर, ट्रेलरचा पहिला मिनिट नुसता सर्कशीला दे, दुसऱ्यात डोगा आणि शक्ती, तिसऱ्यात बहादूर तुरुंगाच्या नाहीतर कुठल्यातरी दारात उभा, आणि नागराजचा चेहरा दाखवू नको, फक्त नागमणीचा आवाज. स्केचेस झाली की आधी ध्रुवच्या आईबापाच्या झुल्याची पाठव, दोरखंड कसे बांधतात ते मी इथल्या एका जुन्या तंबूवाल्याला दाखवून विचारून घेतो. स्टील का पाहिजे ते अजून तुझ्याकडं कारण असेल तर लिही, वाचतो.

तुझाच,
शहापूरचा दोस्त