पुस्तक न विकणाऱ्या काकाजींना

ती. काकाजी,
सादर नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच पावसाचा नाहीतर सोयाबीनच्या भावाचा विषय काढता. म्हणून हे उघड पत्र. चार लोकांनी वाचल्यावर तरी विषय बदलता येणार नाही. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता मुद्दामच लिहिला नाही. अकोल्यात जुनी पुस्तकं धुंडाळणाऱ्याला तो सांगावा लागत नाही.

मेहकर तालुक्यातलं आमचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे सगळ्यात खालच्या. एक खोली, तीन कपाटं, बाहेर पेपर वाचायला बाकडं. मी ग्रंथपाल झाले तेव्हा कपाटात स्पर्धा परीक्षांची गाइडं, देणगीत आलेल्या पोथ्या आणि पाठपुठ्ठे निघालेल्या कादंबऱ्या होत्या. कादंबऱ्यांशी माझं वाकडं नाही, मीही रात्र रात्र जागून वाचल्यात. पण शाळेतला पोरगा येऊन विचारतो, “मॅडम, साखरखेर्ड्याले लढाई झाली म्हणतात, कोणाची?” तेव्हा कादंबरी काय कामाची?

म्हणून इतिहासाची पुस्तकं घ्यायला तुमच्याकडे आले. जाड पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं एक पुनर्मुद्रण मला फार आवडलं होतं. कपाटात शोभून दिसलं असतं. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलं. “हे घिऊ नको पोरी. आंधी नावाच्या पानामागचं पान पाह्य.” त्या पानावर मूळ आवृत्ती कोणत्या सालची, काहीच नव्हतं. मग तुम्ही शेवट उघडून दाखवला, कुठलं नाव कुठल्या पानावर ते सांगणारी सूची गायब. मधला नकाशा घडी न उलगडताच स्कॅन केलेला, त्यामुळे अर्धाच छापलेला. नदी उगम पावते आणि पुढे कुठे जाते ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

दुकानदारानं गिऱ्हाइकाला माल घेऊ नको म्हणावं, हे मी आमच्या भागात कृषी केंद्रापासून कापडाच्या दुकानापर्यंत कुठे पाहिलेलं नाही.

त्या दिवशी तुम्ही जे समजावून सांगितलं ते इथे लिहिते, कारण आमच्यासारख्या इतर वाचनालयांनाही उपयोगी पडेल. लेखक वारल्यावर साठ वर्षांनी त्याच्या पुस्तकावरचा हक्क संपतो आणि मग ते कुणीही छापू शकतो. जुनी पुस्तकं परत मिळायला लागली ती त्यामुळेच, आणि वाईट छापली जायला लागली तीही त्यामुळेच. मूळ मजकूर मोकळा झाला तरी नंतरच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा ही त्या संपादकाची मेहनत, तिच्यावर वेगळा हक्क. स्वस्तात छापणारा नेमकं तेच उडवतो. सूची तर कागद वाचवायलाच जाते. म्हणजे वाचकाला ज्याची सगळ्यात जास्त गरज, तेच आधी कापलं जातं.

याचं उदाहरण म्हणून तुम्ही गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ पुढे ठेवलं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले, बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात किल्ल्याखालच्या गावातच अडकले आणि जीव घेऊन परत आले. आठवणी लिहिल्या कितीतरी वर्षांनी. त्या छापल्या १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी, पण भाषेत आणि मजकुरात आपला हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती निघाली १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांनी काढलेली. तोवर वाचकांनी वैद्यांच्या हातून गेलेले गोडसेच वाचले. तुम्ही दोन्ही आवृत्त्या माझ्यापुढे उघडून एकच प्रसंग वाचायला लावलात, आणि मग चहा मागवलात. गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आता तुम्ही दिलेल्या पुस्तकांचं काय झालं ते सांगते.

‘स्त्रीपुरुषतुलना’ कपाटात टिकतच नाही. ताराबाई शिंद्यांनी ते १८८२ साली लिहिलं, आणि बाई कुठल्या तर आपल्या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील तिथे सरकारी कचेरीत होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली. पण त्या निमित्तानं साऱ्या बायकांवर जी झोड उठली, तिला ताराबाईंनी दिलेलं हे उत्तर. नंतर पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं नसतं तर बुलढाणा जिल्ह्यातल्या बायकांनाही पत्ता लागला नसता.

बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की मी त्यातली दोन-तीन पानं वाचते. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक, पण ताराबाईंचा राग समजायला कोणाला शब्दकोश लागला नाही. विधवेनं काय करू नये याची यादी आली, तेव्हा मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “थांब, हे पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं. मग त्यांनी स्वतःच्या लग्नकार्यातल्या, हळदीकुंकवातल्या गोष्टी काढल्या आणि त्या दिवशी पुस्तक पुढे सरकलंच नाही. पुढच्या बैठकीला त्या सुनेलाही घेऊन आल्या.

आणि तुम्ही किती धोरणी! त्याच गठ्ठ्यात ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ टाकलं होतं, दसऱ्याला दीक्षाभूमीवर स्टॉल लावता तिथून आणलेलं. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतीरावांनी १८८५ साली आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली, ते त्यात वाचायला मिळतं. त्या खंडाच्या संपादनातही धनंजय कीरांबरोबर मालशेच. एका पुस्तकानं दुसऱ्याचं दार उघडावं ही तुमची युक्ती मला उशिरा कळली.

साखरखेर्ड्याच्या पोराला उत्तर मिळालं ते यादव माधव काळ्यांच्या ‘वऱ्हाडचा इतिहास’मधून, १९२४ सालच्या. १७२४ मध्ये तिथे निजामानं मुघल सुभेदार मुबारिजखानाला हरवलं, मुबारिजखान मारला गेला, निजामाचं दख्खनमधलं राज्य पक्कं झालं आणि गावाला फत्तेखेर्डा म्हणायला लागले. पोराचं मामाचं गाव तेच. आता तो मामाला इतिहास शिकवतो म्हणे, मामा वैतागलेत. १८०३ची इंग्रज-भोसल्यांची अडगावची लढाई, गाविलगड किल्ला पडला ते, १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं ते, हे सगळं तो तारखांसकट सांगतो. परीक्षेत यातलं किती येईल देव जाणे.

लायल या इंग्रज साहेबाच्या १८७०च्या वऱ्हाड गॅझेटिअरच्या, म्हणजे मुलखाच्या सरकारी माहितीग्रंथाच्या झेरॉक्स तुम्ही दिल्या, त्या इंग्रजीत म्हणून मी बाजूला ठेवल्या होत्या. मग पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यातलं कापसाचं मराठीत सांगून पाहिलं, आणि तुम्ही सांगितलेलंही त्यात जोडलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. युद्ध संपलं तसा भाव उतरला. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा गेला तो १८७० साली, कापूस वाहायला. ऐकून एक आजोबा म्हणाले, “म्हंजे तवाबी आपला भाव अमेरिकेतच ठरे!” त्यानंतर त्या झेरॉक्स कपाटात नाहीत, बाकड्यावरच असतात. कडा चहानं पिवळ्या झाल्यात, रागावू नका.

लीळाचरित्राचं थोडक्यात सांगते. त्यात लोणार, मेहकर ही नावं आली आणि गावातल्या महानुभाव मंडळींनी ते मागून नेलं. परत यायला वेळ लागेल, पण हरवणार नाही याची खात्री आहे.

तुमच्या गठ्ठ्यांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवं. गठ्ठा देशोन्नती पेपरच्या कागदात गुंडाळलेला, सुतळीची गाठ अशी की दातानंही सुटत नाही. आत प्रत्येक पुस्तकात पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. एकात लिहिलं होतं, ‘पान ११२ नंतर एकदम ११५ आहे. मधली पाने दुसऱ्या प्रतीवरून झेरॉक्स करून डिंकाने लावली. ओढू नये.’ खरंच लावली होती, मापात कापून, आकडा आकड्याखाली येईल अशी. ही पानं तुम्हाला कुठून मिळाली, कुणाकडून मागून आणली, बिलात त्याचे पैसे का नाहीत, हे विचारलं तर पुन्हा सोयाबीन!

डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं तेव्हा मला वाटलं, आता आमचं पुस्तकं मागवणं महागलं. तुम्ही गठ्ठा मेहकरच्या गाडीत कंडक्टरजवळ ठेवून फोन केलात, “लाल पिशवी हाये, उतरून घे.” पुढच्या मे महिन्यात पुस्तकं पाठवायला पोस्टाची ज्ञान पोस्ट सुरू झाली तरी तुमचा भरवसा एसटीवरच. चालू द्या, मलाही बस स्टँडवर जायला निमित्त मिळतं.

एका बाबतीत मात्र आपलं जमणार नाही. मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांना तुम्ही हातही लावत नाही. माझं म्हणणं, वर ‘संक्षिप्त’ असं ठळक लिहिलेलं असेल, काय गाळलं ते सांगितलेलं असेल, तर पाचवी-सहावीच्या पोरांना ती द्यावी. जुन्या अनुस्वारांचं अख्खं पान पाहून ती पळतात, नंतर बोलावून येत नाहीत. तुम्ही म्हणता, पळू दे, भूक लागली की येतील. मी रोज त्यांच्यात बसते काकाजी, या एका गोष्टीत माझं ऐका. पुढच्या गठ्ठ्यात दोन-चार टाकाच.

आणि मिराशींचं ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ नजरेत असू द्या. वाशीम म्हणजे वाकाटक या प्राचीन राजघराण्याचं वत्सगुल्म, हे ऐकल्यापासून आमचे वाशीमचे जावईबापू प्रत्येक फेरीला ते मागतात. १९५७ची प्रत मिळाली तर उत्तम. पुनर्मुद्रण असेल तर आधी तुम्ही तपासा, मग पाठवा. मागची बाकी कापूस विकल्यावर वर्गण्या जमा झाल्या की देते.

तुमची,
ग्रंथपाल, एक गावचं वाचनालय
ता. मेहकर, जि. बुलढाणा