काट्यांचे कवाड ओलांडायला सांगण्यापूर्वी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सह्याद्रीतील ग्रॅव्हल सायकलिंगच्या, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या रस्त्यांवरून सायकल चालवण्याच्या, वाटांवर आलेला लेख काल वाचला. लेखक तरुण आणि उत्साही असावेत, आणि सायकलीबद्दल त्यांना वाटणारे प्रेम मला परके नाही, कारण मी स्वतः याच डोंगरात सायकल चालवतो. परंतु राधानगरी–दाजीपूर भागातील वाटेचे वर्णन करताना त्यांनी जो सल्ला दिला आहे, तो वाचून मला अतिशय वाईट वाटले. एका धनगरवाड्याच्या वर रस्त्यावर स्थानिक लोक काटेरी फांद्या टाकून ठेवतात, तेथे उतरून सायकल खांद्यावर घ्यावी आणि पलीकडे जावे, कोणी हरकत घेत नाही, असे त्यांनी लिहिले आणि आपण ते छापले.

ते कवाड करवंदीच्या फांद्यांचे आहे आणि ते तेथे का आले हे मला ठाऊक आहे. मी या तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतरही एखादे जनावर अडले की वाड्यावरची माणसे मलाच फोन करतात. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात असाच फोन आला. सकाळी म्हशी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, चरायला निघालेल्या असताना वरच्या वळणावरून शहरातील एका क्लबच्या दहा-बारा सायकली एकामागोमाग वेगाने खाली आल्या होत्या. पुढच्यांना म्हशी दिसल्या तेव्हा मधले अंतर संपलेले होते. त्यांनी ब्रेक दाबले, चाके मुरमावरून घसरली, आरडाओरडा झाला आणि म्हशी बुजून वाट फुटेल तिकडे पळाल्या. त्यांतली एक आठ महिन्यांची गाभण म्हैस कडेवरून खालच्या ओघळीत पडली. मी पोहोचलो तेव्हा तिला मागचा भाग उचलता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती गाभडली आणि त्यानंतर दोन दिवसांनी मेली. त्या घरात दूध घालण्यासाठी दोनच म्हशी होत्या, आणि दुसरी त्या वेळी आटलेली होती.

त्या मंडळींनी थांबून चौकशी केली होती, हे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. म्हैस थोड्या वेळाने उठेल असे म्हणून ती मंडळी पुढे गेली. संध्याकाळी त्याच उताराची नोंद त्या दिवसाचा सर्वांत वेगवान उतार म्हणून सायकलस्वारांच्या अॅपवर झळकली, आणि खाली अभिनंदनाची रांग लागली होती. मी त्या क्लबला सविस्तर पत्र लिहिले. जनावरे रस्त्यावर मोकळी सोडणे ही मालकाची जबाबदारी आहे, एवढेच दोन ओळींचे उत्तर मला आले. बिबट्याने म्हैस मारली असती तर वन विभागाने पंचनामा करून भरपाई दिली असती. सायकलीला बुजून मेलेल्या म्हशीचा पंचनामा कोणी करत नाही. त्यानंतर वाड्यातील माणसांनी आपल्या हाती जे होते ते केले, म्हणजे करवंदी तोडून रस्त्यावर लावली. ज्याला जायचे आहे त्याने हाक मारावी, कोणीतरी येऊन फांद्या बाजूला करते. मला तर तेथे ताक प्यायल्याशिवाय कधी पुढे जाऊ दिलेले नाही. त्या वाड्याचे नाव मी लिहीत नाही. आपल्या संकेतस्थळावरील नकाशाने त्यांच्याकडे पुरेशी माणसे पाठवली आहेत.

लेखात ही वाट निर्मनुष्य असल्याचे दोन ठिकाणी म्हटले आहे. ज्या रस्त्याने दूध खाली जाते, आजारी माणसाला डालात बसवून आणले जाते आणि मुले शाळेला जातात, तो रस्ता निर्मनुष्य कसा? सकाळी नऊनंतर तेथे कोणी दिसत नाही याचे कारण एवढेच की माणसे आणि जनावरे तेव्हा रानात गेलेली असतात.

आता या सायकलीविषयी. सायकलीमुळे जंगलाला त्रास होत नाही, कारण तिला आवाज नाही आणि धूर नाही, असे लेखात आग्रहाने मांडले आहे. धुराबद्दल मी सहमत आहे. आवाज नसणे हाच मात्र या भागातील मोठा धोका आहे. जीप येते ती गव्याला खूप आधी ऐकू येते आणि तो कळपासह बाजूला होतो. पायी चालणारा सावकाश येतो, बोलत येतो. चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचे रुंद टायर, त्यांत मुद्दाम कमी ठेवलेली हवा आणि डिस्क ब्रेक असलेली ग्रॅव्हल सायकल मऊ मातीच्या उतारावर ताशी 35–40 किलोमीटरने जवळजवळ निःशब्द येते आणि वळणावर एकदम समोर उभी राहते. पूर्ण वाढलेल्या नर गव्याचे वजन 900 किलोच्या आसपास असू शकते. अस्वल तर अचानक जवळ आलेल्या माणसावर भीतीपोटीच धावून जाते, हे येथील प्रत्येक गुराख्याला माहीत आहे. म्हणून मी सायकलीला घंटी लावली आहे आणि प्रत्येक आंधळ्या वळणाआधी ती वाजवतो. तीन पानांच्या लेखात सायकलींच्या किमती आहेत, टायरमध्ये घालायच्या सीलंटची माहिती आहे, चॉकलेटच्या वड्यांची शिफारस आहे; घंटीचा उल्लेख नाही.

कायद्याबद्दलही लेखात एक अक्षर नाही. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने कोकणात उतरणारा मार्ग सार्वजनिक आहे, आणि त्यावरून जाण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु त्या मार्गाच्या बाजूला आत शिरणारे मातीचे रस्ते अभयारण्याचे आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 27 नुसार अभयारण्यातील रहिवासी, तेथे जमिनीचा हक्क असलेले, सार्वजनिक मार्गाने जाणारे आणि असे मोजके अपवाद सोडले, तर इतरांना परवान्याशिवाय आत जाता येत नाही. तो परवाना कलम 28 खाली मिळतो. ज्या वाटेला लेखकांनी सर्वांत जास्त गुण दिले आहेत, तिचा निम्म्याहून अधिक भाग अशा रस्त्यांवरून जातो. दाजीपूरचे हे रान 1958 पासून गव्यांसाठी राखलेले आहे, पुढे 1985 मध्ये त्याची हद्द वाढली, आणि 2012 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून पश्चिम घाटातील जी 39 ठिकाणे निवडली त्यांत राधानगरी आहे. हे सर्व आपल्याच वृत्तपत्राने त्या त्या वेळी अभिमानाने छापलेले आहे.

लेखाच्या सुरुवातीला अमेरिकेतील कॅन्सास राज्याचा दाखला दिलेला आहे, तोही अपुरा आहे. एम्पोरिया गावात 2006 साली सुरू झालेली 200 मैलांची शर्यत या खेळाला नाव मिळवून देणाऱ्या शर्यतींपैकी एक आहे हे खरे. पण ती फ्लिंट हिल्सच्या गवताळ टेकड्यांमधून, शेतांना आणि कुरणांना जोडणाऱ्या सार्वजनिक खडीच्या रस्त्यांवरून जाते. तो रस्ता आणि गव्यांच्या रानातली वाट एकाच नावाखाली आणली की वाचकाला दोन्हींवर सारखाच हक्क आहे असे वाटू लागते.

या सायकलींसाठी आमच्या जिल्ह्यात जागा नाही असे कृपया समजू नये. तुळशी आणि काळम्मावाडी धरणांच्या परिसरातील गावांना जोडणारे कच्चे रस्ते, कालव्यांच्या कडेच्या वाटा, पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतील पाणंद रस्ते यांवर आठवडाभर फिरले तरी संपणार नाही इतकी वाट आहे, आणि चढ एवढे आहेत की कोणत्याही तरुणाचे समाधान व्हावे. यांतील अनेक पाणंदींवर नुकतेच खडीकरण झाले आहे. कोठे खडी पसरून रोलर फिरवायचा राहिला आहे, कोठे जांभ्यावर पावसाळ्यातील शेवाळ अजून वाळलेले नाही, मार्चनंतर कोणत्या उतारावर सुटा मुरूम पायाखालून सरकतो, ही माहिती खऱ्या उपयोगाची. ती मिळवण्यासाठी लेखकांना येथे येऊन ग्रामपंचायतीत आणि वनरक्षकांकडे विचारावे लागले असते. त्यांनी अंतर आणि चढाईचे मीटर दिले आहेत. ते घरबसल्या संगणकावरही काढता येतात.

लेखासोबत छापलेल्या मोठ्या रंगीत छायाचित्राबद्दलही लिहिणे भाग आहे. त्यातील झाडे सूचिपर्णी आहेत. असे जंगल सह्याद्रीत नाही. येथे अंजनी, जांभूळ, हिरडा आहे, त्यांच्या सावलीत कारवी आहे, आणि त्यांची छायाचित्रे काढणारे चांगले छायाचित्रकार कोल्हापुरातच भेटतात. परदेशातील चित्र खाली काहीही न लिहिता राधानगरीच्या मजकुराशेजारी छापणे आपल्या वृत्तपत्राला शोभत नाही.

माझी विनंती अशी आहे की येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, अभयारण्यातून जाणारी वाट परवान्याशिवाय वापरू नये हे स्पष्ट शब्दांत छापावे आणि आपल्या संकेतस्थळावरील नकाशातून ती काढून टाकावी. कवाडावरून सायकल उचलून नेण्याचा सल्लाही मागे घ्यावा आणि तेथे हाक मारून थांबावे, असे लिहावे. पाऊस ओसरत आला आहे, शनिवारी-रविवारी गाड्यांवर सायकली बांधून येणारी मंडळी लवकरच दिसू लागतील, आणि वाड्यावर या महिन्यात दोन म्हशी गाभण आहेत.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर