वीस मीटर म्हणजे पाच जिप्सी : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी विदर्भातल्या एका जंगलात सकाळच्या फेरीत एक वाघीण दोन पिल्लांसह बांबूतून रस्त्यावर आली. तिच्या डाव्या अंगाला सात जिप्सी, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, उभ्या होत्या, उजव्या अंगाला चार. वाघीण पलीकडे गेली, एक पिल्लू तिच्यामागे गेलं, दुसरं इंजिनांच्या आवाजाने बुजून पुन्हा बांबूत शिरलं. ती पलीकडून त्याला बोलावत राहिली. अकरापैकी एकही गाडी हलली नाही. पुढच्याला मागे यायला जागा नव्हती आणि मागच्याला पुढचं काही दिसत नव्हतं. जागेचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की दोन गाइड घरी बसतील आणि फाइल बंद होईल.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात हेच घडलं होतं. 'एफ-२' या नावाने ओळखली जाणारी वाघीण आणि तिचे पाच बछडे गाड्यांच्या मध्ये अडकले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि चालक निलंबित झाले, मोबाइलबंदीचे आदेश निघाले. आता शिस्त लागेल असं आम्ही समजलो. मोबाइल खिशातून गेले, गाड्या तिथेच राहिल्या.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०१२ पासून लागू आहेत. प्राण्यापासून किमान २० मीटर, एकाच रस्त्यावरच्या दोन गाड्यांत किमान ५० मीटर, बसलेल्या वाघापाशी जास्तीत जास्त १५ मिनिटं, आणि प्राण्याला घेरणं पूर्णपणे मना. जिप्सीची लांबी चार मीटर असते, म्हणजे २० मीटर म्हणजे पाच जिप्सी एकामागे एक. हे मोजायला टेप लागत नाही. एकदा प्रवेशद्वारापाशी चुन्याच्या दोन रेघा मारून प्रत्येक पर्यटकाला ते अंतर डोळ्यांनी दाखवा, फेरी सुरू होण्याआधी एक मिनिट लागेल.

मंत्रिमहोदय, गर्दी वाघापाशी होते, पण ती तयार होते गेटवर. कागदपत्रं तपासली, रोस्टरप्रमाणे गाइड बसला, दोर वर गेला की सगळ्या गाड्या एकदम सुटतात. ताशी २० किलोमीटरने चालणारी गाडी ५० मीटर अंतर ९ सेकंदांत कापते, म्हणजे पुढच्या गाडीने जरा ब्रेक दाबला की नियम मोडलाच. त्याऐवजी दर दोन मिनिटांना एक गाडी सोडा. दोन मिनिटांत पुढची गाडी साडेसहाशे मीटर पुढे गेलेली असते, धूळ बसलेली असते, मागच्यांच्या नाकातोंडात ती जात नाही. एका गेटवर १५ गाड्या धरल्या तर शेवटची २८ मिनिटांनी निघेल. तिचा तेवढा वेळ शेवटी भरून द्या आणि रोज क्रम फिरवा. सोबत प्रत्येक गाडीला परवान्यावरच मार्ग छापून द्या. एका मार्गावर पाच, दुसऱ्यावर पाच. चितळाचा किंवा वानराचा कॉल, म्हणजे वाघ दिसल्याचा इशारा, आला म्हणून तिसऱ्या मार्गावरच्या गाडीने धावत यायचं नाही.

वाघ रस्त्याने चालतो, कारण मऊ धूळ पायाला बरी लागते आणि हद्दीच्या खुणा करायला रस्ता सोयीचा असतो. तो समोरून चालत येऊ लागला की पुढच्या गाडीला मागे घ्यावंच लागतं. पन्नास मीटरचं अंतर त्यासाठीच आहे. मागे सहा गाड्या बंपरला बंपर लागल्या की रिव्हर्स अशक्य होतं, मग वाघ रस्ता सोडून झाडीत शिरतो, नाहीतर गाडीला खेटून जातो. म्हणून गाड्या नेहमी एकाच बाजूला हव्यात. प्राण्याच्या दोन्ही अंगांना गाड्या लागल्या, तिथेच घेराव झाला. वाघ बसलेला असेल तर इंजिन बंद. एका जागी चारच गाड्या, पाचवी वळणाआड थांबेल, पंधरा मिनिटं झाली की पहिली गाडी जागा सोडेल. हे सगळं चालकांना येतं. अनेक जण डोळे मिटून रिव्हर्स घेतील इतके तरबेज आहेत. मग ते मोडतात का?

कारण मागे बसलेले सहा जण. 'एवढे पैसे भरलेत, अजून जवळ घे' हे वाक्य प्रत्येक गाइडने ऐकलेलं आहे. त्याचं घर बक्षिशीवर चालतं, आणि बक्षीस किती मिळणार हे वाघ किती जवळून दिसला यावर ठरतं. नियम पाळणारा गाइड रिकाम्या हाताने घरी जातो. मोडणारा गाइड सापडला तर निलंबित होतो. ज्याने दबाव आणला तो पर्यटक मात्र संध्याकाळी फोटो टाकून मोकळा. हा अन्याय आहे. परवान्यावर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतोच. तोच क्रमांक राज्यातल्या सगळ्या गेटांवर दोन वर्षं बंद करा. गाइडला फेरीमागे नीट मानधन द्या आणि बक्षिशीसाठी गेटवर एकच पेटी ठेवा, महिन्याअखेर सर्वांत वाटप. जीपीएस लावू असं उत्तर येईल. लावा, दोन गाड्यांतल्या ५० मीटरसाठी ते पुरे आहे. वाघापासूनचे २० मीटर जीपीएस मोजणार नाही, तिथे खात्याचा माणूसच लागतो. मे महिन्यात तरी गर्दीच्या प्रत्येक पाणवठ्यावर एक वनरक्षक उभा करा. तेव्हा सगळी जनावरं आणि सगळ्या गाड्या तिथेच असतात.

आणि आमचं काय, ज्यांना नियम पाळूनच जंगल पाहायचं आहे? सहा जणांची नावं आधीच भरायची, त्यातलं एक आजारी पडलं तर ती जागा वाया. दुपारची फेरी चंद्रपूरच्या ४५ अंशांत, उघड्या गाडीत. मागच्या बाकावर चढायला धड पायरी नाही, सत्तरीच्या बाईने चाकावर पाय देऊन चढायचं. तीन-चार तास खाली उतरता येत नाही म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि ऊन लागून आजारी पडतात. मार्गावर मध्यावर एक स्वच्छ स्वच्छतागृह आणि गाडीला घडीची लोखंडी पायरी, एवढंही आजवर सगळीकडे झालेलं नाही. दर मात्र वाढतात.

प्राणिसंग्रहालयांत तरी वेगळं काय आहे? वन्यजीव कायद्याचं कलम ३८-जे सांगतं की प्राण्याला डिवचू नये, खाऊ घालू नये, आवाज करून त्रास देऊ नये. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही काचेसमोर दहा मिनिटं उभे राहा, काचेवर थापा मारणारी पंचवीस पोरं आणि त्यांना उचलून धरणारे आईबाप दिसतील. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या कात्रज प्राणिसंग्रहालयात सोळा चितळं लाळ-खुरकतीने गेली. लाळ-खुरकतीचा विषाणू बुटांच्या तळाला, चाऱ्याला, टायरला चिकटून आत येतो. दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा, त्या द्रावणात भिजवलेलं पायपुसणं प्रत्येक दारात, चिखल झाला की द्रावण बदलायचं. आणि बर्ड फ्लू टाळायला मांसाहारी प्राण्यांना कोंबडी द्यायची तर ७० अंशांपुढे नीट शिजवून. हे करायला समित्या लागत नाहीत, रोज सकाळी करणारा माणूस लागतो. तुमच्या व्यवस्थेत नेमका तोच कंत्राटी असतो, आणि त्याचा पगार थकलेला असतो.

२०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ आले, २०१८ मध्ये ३१२ होते. त्याचे फलक लागले, अभिनंदनं झाली. वाघ वाढवले ते वणवा अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्या (फायर लाइन) कापणाऱ्या, रात्री गस्त घालणाऱ्या, गाभ्याभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या गावांत राहून गुरं गमावणाऱ्या लोकांनी. त्यांच्याच घरचा मुलगा गाइड होतो आणि घेराव झाला की पहिला बळी त्याचा जातो. वरच्या खुर्चीतल्या एकाही अधिकाऱ्याचं नाव अशा आदेशात मी आजवर वाचलेलं नाही.

गाभा क्षेत्र १ जुलैला बंद होईल आणि १ ऑक्टोबरला उघडेल. मधले तीन महिने चुन्याच्या रेघा, मार्ग छापलेला परवाना, दर दोन मिनिटांना एक गाडी आणि बक्षिशीची पेटी यांना पुरेसे आहेत. उत्तरादाखल नवं परिपत्रक पाठवू नका. प्रत्येक गेटवर या चार गोष्टींची जबाबदारी कुणाची, त्या अधिकाऱ्याचं नाव तिकीट खिडकीवर लावा. १ ऑक्टोबरच्या पहाटे आम्ही ते वाचायला येऊ.

आपला,
नियमाने जंगल पाहणारा एक नागरिक