गुरुवारच्या आत उत्तर दे

पर्थ, रविवार

प्रिय सुध्या,

दिवाळीनंतर एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल शिव्या घालून घे आणि मग वाच. गुडघा आहे तसाच, साखर बरी.

गुरुवारी माझा नागरिकत्वाचा शपथविधी आहे. नीलूने साडीसुद्धा काढून ठेवलीय. मला मात्र झोप नाही. कारण तो ओरायली, इंग्रजांविरुद्ध उठलेला आयरिश बंडखोर. सिंहगडावर पिठलं-भाकरी समोर असताना वादात तू त्याला गोळी घातली होतीस, आठवतंय? "इंग्रजांच्या दहाव्या हुसार्स घोडदळाचा जवान, राणीची शपथ घेऊन पलटणीत शिरतो आणि आतल्या आत बंडाला माणसं जमवतो. विषय संपला!" आपण भांडत बसलो आणि विन्याने दह्याचं मडकं संपवलं.

इंग्रजांच्या कोर्ट मार्शलचंही तेच म्हणणं होतं. बंडाची कुणकुण असून वरिष्ठांना कळवलं नाही. 1866 मध्ये मृत्युदंड, मग तो बदलून 20 वर्षं. जानेवारी 1868 मध्ये 'हूगोमाँट' जहाजातून इथे पर्थजवळ फ्रीमँटल बंदरात उतरला. ऑस्ट्रेलियाला कैदी आणणारं ते शेवटचं जहाज, आणि त्याच्यावर हे आयरिश कैदी पठ्ठे हस्तलिखित साप्ताहिक काढत होते! पुढे बन्बरीकडे रस्त्याच्या कामावर.

तिथली लेशनॉल्टची वाळू मी पाहून आलो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला नुसता समुद्र, मध्ये टेकाडं आणि खुरटी झुडपं. 1869 मध्ये कैदेतून पळून तो इथे लपला होता. ठरलेलं जहाज आलं आणि त्याच्या होडीकडे न बघता निघून गेलं. त्या दिवशी त्याला काय वाटलं असेल, हे माझ्याच्याने लिहवत नाही. पुढे 'गझेल' नावाच्या जहाजाने घेतलं. रॉड्रिग्ज बेटावर इंग्रज त्याला न्यायला आले, तर रात्री खलाशाने धार लावायचा दगड आणि ओरायलीची टोपी पाण्यात टाकून बोंब ठोकली, माणूस बुडाला! तुझ्या कंपनीतल्या शिंदेचे रजेचे अर्ज यापुढे फिके.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती तेव्हा मला ठाऊक असती तर तुझी भाकरी घशात अडकवली असती. नोव्हेंबर 1869 मध्ये फिलाडेल्फियाला उतरल्या उतरल्या तो कोर्टात गेला आणि अमेरिकन नागरिकत्वाचे कागद केले. लगेच, लेका! आणि तरी आयर्लंड सुटलं नाही. बॉस्टनला 'पायलट'चा संपादक झाला. दरम्यान लंडनने फेनियनांतल्या, म्हणजे ओरायलीच्या बंडखोर संघटनेतल्या, साध्या नागरिकांना माफी दिली; शिपाई तसेच कैदेत. तुझाच न्याय. त्यांना काढायला देवमाशाच्या शिकारीचं जहाज पाठवा, ही कल्पना त्याचीच. 1876 मध्ये 'कॅटाल्पा'ने फ्रीमँटलमधून सहा शिपाई पळवले. तो स्वतः मात्र आयर्लंडला पुन्हा कधी जाऊ शकला नाही.

मी काही बंडखोर नाही, पगारी माणूस. इथल्या शपथेत आता राजाचं नावही नाही, 1994 पासून काढलंय. मग पासपोर्ट परत करायचा या विचाराने पोटात गोळा का येतो? ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळेल, व्हिसा लागणार नाही, हे सगळे सांगतात. नीलू म्हणते, वीस वर्षं इथलं मीठ खातोयस, नाटकं पुरेत. पण गेल्या खेपेला तू "तुमच्या देशात" म्हणालास ना, ते अजून सलतंय.

नातवाच्या बारशाचे फोटो पाहिले, नाक तुझंच, बिचारा. वहिनींच्या मोतीबिंदूचं काय झालं? विन्याला माझी आठवण दे.

बुधवारी तुमच्या सातला फोन कर, आमचे साडेनऊ होतात. गोळी घालायची तर तेव्हाच घाल, नंतर तक्रार ऐकणार नाही.

तुझा,
बाळ्या