स्मृतिभ्रंशावरील शनिवारच्या चर्चेबाबत स्मरण

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी ५.३० वाजता नेहमीच्या सभागृहात ‘स्मृतिभ्रंश आणि वार्धक्यातील मेंदू’ या विषयावर चर्चा होईल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राच्या संस्थापक-संचालक डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांनी उभा केलेला श्रीनिवासपूर प्रकल्प हा चर्चेचा गाभा राहील. कोलार जिल्ह्यातील या तालुक्यातील ४५ वर्षे व त्यापुढील १०,००० ग्रामस्थांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या, रक्ततपासण्या, जनुकीय माहिती आणि मेंदूचे एमआरआय यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन, विस्मरण सुरू होण्याआधी मेंदूत काय घडते हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. अशी बहुतेक मोठी संशोधने पाश्चात्त्य, शिकलेल्या लोकांवर झाली. ज्यांनी कधी पाटीच हाती धरली नाही, त्यांची स्मरणशक्ती कागद-पेन्सिलीच्या चाचणीने कशी जोखणार, हा प्रश्न आपल्याकडे खराच आहे.

उच्च रक्तदाब, मधुमेह व श्रवणदोष यांचा स्मृतिभ्रंशाशी असलेला संबंधही चर्चेत येईल, तेव्हा श्रवणयंत्र पेटीत ठेवणाऱ्या सभासदांनी त्या दिवशी तरी ते लावून यावे. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांस सोबत आणावे. प्रश्न गुरुवारपर्यंत चिटणीसांकडे लेखी द्यावेत; त्यांत रुग्णाचे नाव लिहू नये.