ऑपरेशन का करून घ्यायचं

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "साखर कमी होते तर साखर खा, पोट कशाला चिरून घ्यायचं?" म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या स्वादुपिंडाच्या शेपटीत १४ मिलिमीटरची गाठ आहे. तिला इन्सुलिनोमा म्हणतात. इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतं. एरवी साखर उतरली की शरीर इन्सुलिन सोडणं थांबवतं. ही गाठ मात्र इन्सुलिन सोडतच राहते, त्यामुळे पहाटे मेंदूलाच साखर पुरत नाही. नरकचतुर्दशीला तुला तेल लावता लावता मी "तू कोण?" असं विचारलं ना, ते यामुळे. ती आकडी नव्हती की डोक्याचा आजार नव्हता. आणि साखर खाऊन खाऊनच माझं वजन वाढलंय. शिवाय झोपेत कोण खाणार?

दवाखान्यात उपासाची तपासणी झाली. ती ७२ तासांपर्यंत चालते. पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा, एवढंच. माझी दुसऱ्या पहाटेच संपली. सिस्टर म्हणाल्या, शंभरातून सात-सात वजा करत जा. त्र्याण्णवच्या पुढे मला जाताच येईना. घामानं चादर भिजली होती. साखर ४१! लगेच रक्त घेतलं, मग शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि थोड्याच वेळात मी नीट बोलायला लागले. त्रास, त्याच वेळी कमी साखर आणि साखर देताच उतार, या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात, हा ॲलन व्हिपल या अमेरिकन सर्जनांचा १९३०च्या दशकातला नियम आजही पाळतात.

रक्तात सी-पेप्टाइडही जास्त निघालं. ते शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हाच तयार होतं, टोचलेल्या इन्सुलिनमधून येत नाही. आजीच्या मधुमेहाच्या गोळ्या चुकून पोटात गेल्या नाहीत ना, हेही तपासलं, कारण काही गोळ्यांनी असंच होतं.

डायझॉक्साइड नावाचं औषध आहे, पण त्यानं अंगावर सूज येते, केस वाढतात आणि गाठ जागच्या जागी राहते. ऑपरेशननं मात्र बहुतेक जण पूर्ण बरे होतात. दहातल्या साधारण नऊ गाठी कॅन्सरच्या नसतात. टोरंटोच्या रॉस्को ग्रॅहम यांनी १९२९ साली अशी गाठ काढून रुग्ण बरा केला होता. आता तर सोनोग्राफीची दुर्बीण पोटात घालून ती आधीच नेमकी शोधतात.

क्वचित हा आजार घराण्यात असतो आणि तेव्हा बहुधा रक्तातलं कॅल्शियमही वाढलेलं असतं, म्हणून माझं कॅल्शियम तपासायला दिलंय. त्यात काही निघालं तरच तुला तपासावं लागेल.

बाबा रात्री अलार्म लावून मला खायला उठवतात. त्यांची झोप होत नाही. तू चार दिवस आधी ये आणि ती पाळी तू घे.

तुझी आई